गर्भपात आणि प्राण्यांचे हक्क : दोन्हीकडे एकच माप लावता येते का?

रावपुरेकर (वडोदरा)

गुजरातच्या प्राणी परिरक्षण कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार गोहत्येला किमान १० वर्षांची आणि जास्तीत जास्त जन्मठेपेची शिक्षा आहे. याच राज्यात २० आठवड्यांपर्यंतचा गर्भ एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने, कायद्याच्या चौकटीत राहून, काढता येतो. पहिल्या कायद्यासाठी आग्रही असणाऱ्या मंडळींनी दुसऱ्याविरुद्ध मोर्चा काढल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. उत्तरायणात मांजाने पंख कापलेल्या पक्ष्यांसाठी करुणा अभियानात दिवसदिवस राबणारी जी तरुण मुले मला माहीत आहेत, ती गर्भपाताचा विषय निघाला की 'तो त्या बाईचा प्रश्न आहे' एवढे बोलून मोकळी होतात.

अमेरिकेत हीच विभागणी आणखी टोकदार दिसते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा गर्भपाताचा हक्क मान्य करणारा निकाल २४ जून २०२२ रोजी रद्द केला, तेव्हा ज्यांना आनंद झाला त्यांच्यात शिकारीचे आणि गोमांसाचे शौकीन भरपूर होते, आणि ज्यांनी निषेध केला त्यांच्यात दूधसुद्धा वर्ज्य मानणारे लोक होते. दोन्ही बाजू एकमेकींना ढोंगी म्हणतात. आपल्याकडे हा आरोप फारसा ऐकू येत नाही, याचे कारण आपण अधिक सुसंगत आहोत हे नसून हे दोन कायदे वेगवेगळ्या दारांनी आत आले हे आहे : एक धर्म आणि शेतीच्या दाराने, दुसरा आरोग्य आणि लोकसंख्येच्या दाराने. त्यांची आपसांत कधी गाठच पडली नाही.

माझे म्हणणे असे की दोन निष्कर्ष शेजारी ठेवून विसंगतीचा आरोप करणे सोपे असते आणि बहुधा व्यर्थही. तपासायचेच असेल तर निष्कर्षामागचे कारण तपासावे. ज्या कारणाने मी बोकड कापू नये म्हणतो, ते कारण जसेच्या तसे उचलून गर्भाच्या प्रश्नावर ठेवावे. ते तेथे टिकले नाही तर एक तर कारण बदलावे, नाही तर निष्कर्ष. 'ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने आम्ही बोलतो' हे कारण घ्या. प्राणिमित्रांच्या फलकांवर ते असते आणि गर्भपातविरोधकांच्या फलकांवरही असते. ते एकीकडे ज्याला पटते, त्याला दुसरीकडे का पटत नाही, याचे उत्तर त्याच्याजवळ असले पाहिजे. 'जीव आहे म्हणून' हे कारण तर त्याहून व्यापक आहे. ते शेवटपर्यंत नेणारी परंपरा आपल्या शेजारीच नांदते. जैन विचारात एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जीवांची श्रेणी आहे आणि गर्भपात व प्राणिहत्या दोन्ही निषिद्ध आहेत. त्या भूमिकेशी सहमत व्हा अथवा होऊ नका, पण तिला विसंगत म्हणता येणार नाही. धर्मशास्त्रात भ्रूणहत्येला घोर पातक मानणारे आम्ही हिंदू मात्र ते पातक पोथीत ठेवून गायीचे तेवढे राजकारणात आणतो.

मला दोन्हीपैकी कोणताही कायदा बदलून हवा आहे, असा या लिखाणाचा रोख नाही. कारणांची तपासणी कोणी प्रामाणिकपणे केली असल्यास ती वाचायला आवडेल.

मांडवीची लेक

रावपुरेकर, आपली पद्धत मान्य आहे, परंतु आपल्या संपूर्ण मांडणीत ज्या व्यक्तीच्या पोटात हा प्रश्न घडतो तिचा उल्लेख एकदाच, आणि तोही दुसऱ्यांच्या तोंडून, आला आहे. कोंबडी कोणाच्या शरीरात राहत नाही. मांसाहार सोडा असे कायद्याने सांगितले तर माणसाला एका पदार्थापासून दूर राहावे लागते. गर्भ ठेवाच असे सांगितले तर एका बाईला नऊ महिने स्वतःचे रक्त, हाडे, झोप, नोकरी आणि प्रसंगी प्राण पणाला लावावे लागतात. म्हणून 'माझे ताट, माझा हक्क' आणि 'माझे शरीर, माझा हक्क' ही दोन वाक्ये कानाला सारखी लागली तरी त्यांचे वजन सारखे नाही. गर्भाचा नैतिक दर्जा काहीही ठरवला, अगदी पूर्ण माणसाचा ठरवला, तरी तो दुसऱ्याच्या शरीराचा सक्तीने वापर करू शकतो का, हा प्रश्न वेगळा उरतोच. प्राण्यांच्या बाबतीत तो उद्भवत नाही. तेव्हा शाकाहाराचा पुरस्कार आणि गर्भपाताच्या हक्काचा पुरस्कार एकाच व्यक्तीने करण्यात मला कोणतीही फट दिसत नाही.

गर्भपाताला सशर्त परवानगी देणारा १९७१ चा कायदा आकाशातून पडलेला नाही. शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ साली समिती नेमली गेली, कारण चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या. त्याच्या शंभर वर्षे आधी, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. भ्रूणहत्या ही वाईटच गोष्ट आहे हे त्यांनाही मान्य होते. तथापि त्यांनी विधवांना अधिक कठोर शिक्षेची मागणी केली नाही, त्यांना गुपचूप बाळंत होऊन जाण्यासाठी छप्पर दिले. भाकड गायींसाठी गावोगावी पांजरापोळ बांधणाऱ्या गुजरातला हा मार्ग समजायला अवघड नसावा. गर्भाचा कळवळा असणाऱ्याने आधी अशा किती घरांना वर्गणी दिली ते सांगावे, मग कायद्याविषयी बोलावे.

अपूर्णविराम

मुळात सुसंगती ही एवढी मोठी गोष्ट आहे, हेच मला पटत नाही. आमच्या घरी श्रावणात कांदासुद्धा चालत नाही आणि श्रावण संपला की मटण शिजते. यात ढोंग कोठेही नाही, कारण आम्ही त्यामागे कोणताही सार्वत्रिक सिद्धांत सांगत नाही. माणसे तत्त्वाने कमी आणि रीतीने अधिक जगतात. प्रत्येक रीत तत्त्वाच्या काट्यावर तोलण्याचा हट्ट धरला तर उरतात फक्त दोन प्रकारचे लोक : संत आणि वकील.

पशुवैद्य_निवृत्त

अपूर्णविराम, रीत घरापुरती राहिली तर आपले म्हणणे ठीक आहे. तिचा शासकीय नियम झाला की कारण विचारावे लागते. मी सेवेत असताना हाताळलेल्या नियमांतील काही गोष्टी येथे ठेवतो, कारण गर्भ आणि प्राणी हे दोन विषय प्रत्यक्षात माझ्या टेबलावर एकत्रच येत असत.

भटक्या कुत्र्यांच्या जननियंत्रणाचे जे नियम केंद्राने २००१ साली केले, त्यांत स्पष्ट म्हटले होते की गाभण कुत्रीचा गर्भपात कोणत्याही टप्प्यावर करू नये, तिची नसबंदीही करू नये आणि ती विईपर्यंत तिला सोडून द्यावे. म्हणजे ज्या देशात माणसाच्या गर्भाला १९७१ पासून सशर्त संरक्षण होते, त्या देशात रस्त्यावरच्या कुत्रीच्या गर्भाला बिनशर्त संरक्षण दिले गेले. गाभण कुत्रीवरील शस्त्रक्रियेत रक्तस्रावाचा धोका वाढतो हे खरे आहे, परंतु नियमाने ते कारण दिले नव्हते. त्याच वर्षीच्या कत्तलखान्यांविषयीच्या नियमांनुसार गाभण जनावर किंवा तीन महिन्यांहून लहान पिलू असलेली मादी कापता येत नाही. या तरतुदी वाचून कोणी स्त्रीवादी किंवा गर्भपातविरोधी कार्यकर्ता दचकल्याचे मी ऐकले नाही.

याहून विलक्षण गोष्ट दुधाची आहे. माणसांत गर्भलिंग निवडणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. गायीम्हशींत मात्र लिंगविनिश्चित रेतमात्रा सरकार अनुदान देऊन पुरवते, जेणेकरून सुमारे ९० टक्के वासरे माद्याच जन्माला याव्यात. यामागचे कारण निर्दय नाही, कदाचित दयेचेच आहे. ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्याला आणि म्हशीच्या पाड्याला काम उरले नाही, आणि नको असलेला नर जन्मला की पुष्कळ ठिकाणी त्याला दूध न पाजता मरू दिले जाते. जन्मून उपाशी मरण्यापेक्षा तो जन्मालाच न आलेला बरा, असा हिशेब त्यामागे आहे. हाच हिशेब मुलींच्या बाबतीत एके काळी उघडपणे मांडला जात असे, हे विसरू नये.

आणि रावपुरेकर, गांधीजींचे काय करणार? १९२६ साली अहमदाबादेत अंबालाल साराभाईंनी गिरणीच्या आवारातील साठ कुत्री मारवली, त्याचे गांधीजींनी समर्थन केले. १९२८ साली आश्रमातील असाध्य वेदनेत तडफडणाऱ्या वासराला त्यांनी इंजेक्शन देऊन मरण दिले, आणि त्यावरून त्यांना संतापाची पत्रे आली. तेच गांधीजी गर्भपाताच्या विरोधात होते. आपल्या काट्यावर ते विसंगत ठरतात. त्यांच्या स्वतःच्या काट्यावर नाही, कारण जीव गेला की नाही यापेक्षा कोणत्या हेतूने घेतला हे ते मोजत होते.

रावपुरेकर

पशुवैद्य, गांधीजींचे उदाहरण माझ्या पद्धतीत नीट बसते. हेतू हेच कारण धरले, तर ते दोन्हीकडे नेता येते आणि त्यांनी ते नेले.

मांडवीची लेक, शरीराचा आपला मुद्दा निर्विवाद मोठा आहे. परंतु पशुवैद्यांनी जे दार उघडले त्यातून एक प्रश्न आपल्याकडेच येतो. गर्भ ठेवणे न ठेवणे हा जर सर्वस्वी स्त्रीचा निर्णय असेल, तर ती मुलगी आहे म्हणून नको, असे एखाद्या बाईने ठरवल्यास आपण तिला कोणत्या कारणाने अडवणार? गर्भाला हक्क नाही म्हणावे तर 'मुलीचा हक्क' म्हणता येत नाही. तसा हक्क आहे म्हणावे तर इतर गर्भांनाही तो द्यावा लागतो.

मांडवीची लेक

हा प्रश्न स्त्री चळवळीने स्वतःला फार पूर्वी विचारलेला आहे. महाराष्ट्रात १९८८ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा झाला, तो गर्भपाताच्या हक्काचे समर्थन करणाऱ्या बायकांच्याच रेट्याने, आणि तेव्हापासून त्यांनी एक काळजी घेतली : बंदी निदानावर मागायची, गर्भपातावर नाही. १९९४ चा कायदाही तसाच आहे. तो यंत्र चालवणाऱ्याला, लिंग सांगणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला धरतो. ज्या बाईवर चाचणीची सक्ती झाली तिला तो वाचवू पाहतो.

कारण गर्भाचा हक्क हे नाहीच. जिवंत असलेल्या सर्व मुलींचा आणि बायकांचा दर्जा हे कारण आहे. मुलगी हे टाळण्याजोगे दुखणे आहे असे दवाखान्याने छापील दरपत्रकावर सांगितले की ते प्रत्येक जिवंत मुलीविषयी सांगितले जाते. दर हजार मुलांमागे सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण १९९१ च्या जनगणनेत ९४५ होते, ते २००१ मध्ये ९२७ झाले आणि २०११ मध्ये आणखी घसरले. ही हानी समाजाची आहे आणि ती मोजता येते. शिवाय सासूच्या धाकाने घेतलेल्या निर्णयाला 'तिचा निर्णय' म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे. हे कारण मी कोठेही नेऊन दाखवायला तयार आहे. गायींवर नेले तर म्हणेन की मादी वासरांची निवड केल्याने कोणत्याही गायीचा समाजातील मान कमी होत नाही. तेथे आक्षेप असलाच तर तो वेगळा आहे : जनावर हे केवळ दूध देणारे यंत्र आहे, या समजुतीविषयी.

कायदेकानू

येथे कायद्याविषयी बरेच काही बोलले गेले म्हणून थोडी भर. भारतीय कायदा गर्भाला व्यक्ती मानत नाही आणि प्राण्यालाही मूलभूत हक्कांचा धनी मानत नाही. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली समस्त प्राणिसृष्टीला विधिक व्यक्तीचा दर्जा दिला होता हे खरे. परंतु १८ मे २०२३ रोजी जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्राण्यांना मूलभूत हक्क बहाल करण्यास नकार दिला. गर्भाच्या बाबतीत हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम २० पोटातल्या मुलाला वारसा देते, पण तो जिवंत जन्मला तरच. दोन्हीकडे कायद्याची रीत एकच आहे : त्या जिवाला हक्क न देता माणसांवर कर्तव्ये लादणे. या अर्थाने आपला कायदा समजला जातो त्याहून सुसंगत आहे.

जेथे तो खरोखर विसंगत आहे ती जागा रावपुरेकरांनी पहिल्याच वाक्यात दाखवली आणि पुढे सोडून दिली. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला निर्दयपणे मारहाण केल्यास पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे. म्हैस काठीने अर्धमेली करणाऱ्याला पन्नास रुपये, गाय कापणाऱ्याला जन्मठेप. हे अंतर वेदनेच्या कोणत्याही मापाने निघत नाही, कारण येथे मोजली जाते ती वेदना नव्हेच. संविधान सभेत २४ नोव्हेंबर १९४८ रोजी गोरक्षणाच्या कलमावर चर्चा झाली, तेव्हा मुस्लिम सदस्य झेड. एच. लारी यांनी बहुसंख्याकांना एवढेच विनवले होते की आपल्याला धर्मासाठी हे हवे असेल तर तसे स्पष्ट सांगा. शेवटी कलम ४८ मध्ये जे शब्द आले ते शेती आणि पशुसंवर्धन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने करण्याचे. कारण एक आणि सांगितलेले कारण दुसरे, ही आपली जुनी अडचण आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्याच वडोदऱ्यात मांसाहाराच्या, अगदी अंड्यांच्याही, लाऱ्या (हातगाड्या) झाकून ठेवण्याच्या तोंडी सूचना निघाल्या होत्या. पडद्याआड कापलेल्या कोंबडीला कमी दुखत नाही.

१९७१ च्या कायद्याविषयी एक स्पष्टीकरण. 'बाईचा निर्णय' असे येथे सर्रास म्हटले जाते, परंतु कायद्याने तो निर्णय अजूनही डॉक्टरच्या मतावर अवलंबून ठेवला आहे. २०२१ च्या दुरुस्तीने २० आठवड्यांपर्यंत एक डॉक्टर, काही विशिष्ट स्थितींत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टर, आणि त्यापुढे गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ अशी रचना केली. अविवाहितेलाही २४ आठवड्यांचा लाभ मिळावा हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी सांगितले, आणि पुढच्याच वर्षी २६ आठवडे उलटलेल्या एका विवाहितेला परवानगी नाकारली. न्यायालयाचा काटाही कालमर्यादेपाशी येऊन हलतो.

प्रसूतिगृह_डॉ

तो काटा तेथे का हलतो, हे वैद्यकाच्या बाजूने सांगते. ज्यांचे कारण 'वेदना' आहे त्यांच्यासाठी वयाचा आठवडा हा तपशील नसून सर्वस्व आहे. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१० च्या अहवालात असा निष्कर्ष काढला की २४ आठवड्यांपूर्वी गर्भाच्या मेंदूच्या बाह्यस्तरापर्यंतच्या जोडण्या झालेल्या नसतात, त्यामुळे वेदनेची जाणीव संभवत नाही. नंतर काही संशोधकांनी ही मर्यादा बरीच अलीकडे असू शकेल अशी शंका उपस्थित केली आहे, तरीही आठ-नऊ आठवड्यांच्या गर्भाविषयी असा दावा कोणी जबाबदार व्यक्ती करत नाही. बहुसंख्य गर्भपात याच सुरुवातीच्या आठवड्यांत, गोळ्यांनी होतात. याउलट मोठ्या कोंबडीला किंवा बोकडाला वेदना होते याविषयी शरीरशास्त्रात वाद नाही. म्हणून वेदनेचे माप प्रामाणिकपणे लावणारा मनुष्य शाकाहारी असून लवकरच्या गर्भपाताला अनुकूल असू शकतो. मात्र २४ आठवड्यांनंतर त्याला तितक्या निश्चिंतपणे बोलता येणार नाही.

ब्रिटिश कायद्यात हे जवळजवळ रेखाटून ठेवलेले आहे. प्रयोगशाळेतील प्राण्यांविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर सस्तन प्राण्याच्या गर्भाला गर्भकाळाच्या शेवटच्या तृतीयांशात संरक्षण आहे, आणि १९९० च्या कायद्यानुसार तेथे गर्भपाताची सर्वसाधारण मर्यादा २४ आठवडे आहे. चाळीस आठवड्यांच्या गर्भकाळात या दोन रेषा एकमेकींपासून फार लांब पडत नाहीत.

विश्वामित्रीकाठ

एक बाजू राहिली आहे : करुणेची किंमत कोण मोजतो. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीतल्या मगरी सोसायट्यांच्या आवारात आल्या आणि लोकांनी त्यांना न मारता बचाव पथकांना बोलावले, याचा मला वडोदरेकर म्हणून अभिमान आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील हा प्राणी आहे आणि तो वाचलाच पाहिजे. परंतु पाणी ओसरल्यावर आपण पक्क्या घरांत परततो. नदीच्या उतारावर ज्यांच्या झोपड्या आहेत, ज्यांच्या बायका त्याच काठावर कपडे धुतात, त्यांना मगरीसोबत बाराही महिने राहावे लागते. भटक्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये आधी कडक आणि मग सौम्य आदेश दिला, तेव्हाही चाव्यांची भीती कोणाला अधिक आणि खाऊ घालण्याचे पुण्य कोणाला, हा भेद होताच. मांडवीच्या लेकीने शरीराविषयी जे म्हटले तेच येथे जमिनीविषयी म्हणता येते. दुसऱ्याच्या अंगावर खर्च टाकून दाखवलेली दया दोन्ही प्रश्नांत सारखीच संशयास्पद आहे.

अपूर्णविराम

रावपुरेकर, इतरांची कारणे तपासून झाली. आपण स्वतः शाकाहारी आहात, हे मागे एका धाग्यावर आपणच लिहिले होते. आपले कारण कोणते, आणि ते आपण कोठे नेऊन पाहिलेत?

रावपुरेकर

प्रश्न रास्त आहे. माझे कारण वेदना आहे असे म्हटले तर अंड्याआधी मला दूध सोडावे लागेल. पशुवैद्यांनी पाड्याविषयी जे लिहिले, ते लक्षात घेता बाजारातल्या अफलित अंड्यापेक्षा माझ्या सकाळच्या चहामागे अधिक वेदना असू शकते, आणि चहा मी सोडलेला नाही. जीव हे कारण सांगितले तर डॉक्टरांच्या नऊ आठवड्यांच्या गर्भालाही मला त्यात घ्यावे लागेल, आणि त्यासाठी एखाद्या बाईला तुरुंगात पाठवण्याची माझी तयारी नाही. तेव्हा माझा शाकाहार हे घरचे वळण आहे, असेच मी सांगतो. तो मला प्रिय आहे, परंतु त्याच्या बळावर शेजाऱ्याच्या ताटाविषयी किंवा पोटाविषयी मी विधानसभेकडे काहीही मागू शकत नाही. गायीच्या जन्मठेपेचे समर्थन करणाऱ्या माझ्या मित्रांकडे याहून भक्कम कारण असेल तर त्यांनी ते येथे लिहावे, आणि ते म्हशीला कसे लागू होते तेही लिहावे.

पशुवैद्य_निवृत्त

चहा सोडण्यापूर्वी एक करा. आपले दूध ज्या गावातून येते तेथील दूध मंडळीच्या, म्हणजे सहकारी दूध संस्थेच्या, सचिवाला विचारा की गेल्या वर्षी जन्मलेल्या पाड्यांपैकी किती आज हयात आहेत. दूध किती भरले याची नोंद प्रत्येक मंडळीत असते. पाड्यांची नोंद मी माझ्या सेवेत क्वचितच पाहिली.